पत आणि पारपत्र

“चिखलीच्या माणसाला व्हिसा कशाला हवा?” असा प्रश्न आमच्या एका स्नेह्यांनीं परवां आम्हांस विचारला. स्नेही पुण्याचे, स्वभावानें सरळ, आणि प्रश्नांत कुत्सितपणाचा लेशही नव्हता. त्यांच्या मनांतील भूगोलांत आमचें गांव वऱ्हाडच्या एका कोपऱ्यांत, आगगाडीच्या रुळांपासून दूर, कापूस, सोयाबीन आणि रेणुकादेवीची यात्रा एवढ्यांवर संतुष्ट असें वसलेलें आहे. आणि हें चित्र सर्वस्वी खोटें आहे असें आम्हांसही म्हणवत नाहीं. परंतु रुईची गाठ एकदां बांधली, कीं तिला गांवाची वेस उरत नाहीं. १७० किलोंची ती गाठ मुंबईस जाते, बंगालच्या टोकाला बेनापोलची सरहद्द ओलांडून ढाक्याकडेही जाते. आणि तिच्या पाठोपाठ तिच्या दलालालाही जावें लागतें. फरक इतकाच, कीं गाठीला “तूं परत कधीं येणार?” असें कोणी विचारीत नाहीं. माणसाला विचारतात.

या प्रश्नाचें उत्तर देण्यांत आमच्या आयुष्याचीं गेलीं पंधरा वर्षें बरीचशीं खर्ची पडलीं आहेत. त्यांतून आम्हांस जें कळलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

तसें पाहिलें तर सरहद्दीची संवय आमच्या घराण्याला जुनीच आहे. आजच्या तरुण वाचकाला कदाचित् ठाऊक नसेल, कीं आमच्या आजोबांच्या काळीं चिखलीहून जालन्यास जाणें म्हणजे एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जाणें होतें. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें, आणि १९०२ सालीं सालिना पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर तें त्यांस कायमच्या पट्ट्यानें देऊन टाकलें. नांवाला निजाम वऱ्हाडचाही धनी राहिला. कारभार मात्र इंग्रजांचा. त्यामुळें चिखली इंग्रजी अंमलांत, आणि बैलगाडीच्या एका दिवसाच्या वाटेवर असलेलें जाफराबाद मोंगलाईंत, अशी स्थिति होती. इकडे कलदार रुपया चाले, तिकडे हाली; शंभर कलदारांना हाली रुपये सुमारें ११६ मिळत. मालावर निजाम सरकारची जकात शेंकडा पांच असे, आणि ती घेणाऱ्या खात्याला ‘करोडगिरी’ असें भारदस्त नांव होतें.

आजोबांची मोंगलाईंतील खेप महिन्यादोन महिन्यांनीं ठरलेली असे. जालन्यास त्यांचे एक अडत्ये होते. त्यांच्याकडे मुक्काम, त्यांच्याकडेच हिशेब. प्रवासाचा कागद म्हणून आजोबांजवळ कांहींच नसे. नाक्यावरील कारकून मालाच्या मोटा सोडावयास लावी, आंत हात घालून पाही, जकातीचा आकार करी. माणसाचें मात्र नुसतें तोंड पाही. दर खेपेला तेंच तोंड, तीच बैलजोडी, तोच गाडीवान, आणि हिशेबांत कधीं खोट नाहीं, असें पांचसात वर्षें चाललें म्हणजे नाकेदार दुरूनच हात करी आणि गाडी पुढें जाई. आजोबा हें सांगत तेव्हां त्यांच्या स्वरांत एक प्रकारचा अभिमान असे. “आपलं तोंड हाच आपला परवाना,” असें ते म्हणत.

लहानपणीं आम्हांस हें सारें रामराज्य वाटे. पुढें समज आल्यावर त्याची दुसरी बाजू दिसूं लागली. ज्याचें तोंड ओळखीचें नसे, त्याची काय गत होत असेल? ज्यांस स्वतःच्या गांवांतही वेशीबाहेर राहावें लागे, त्यांस परक्या राज्याच्या नाक्यावर ओळखणार कोण? नाकेदाराच्या मुलाच्या बारशाला आमच्या घरून कुंची-टोपडें गेलें होतें, ही गोष्टही आजोबांनींच एकदां सहज सांगितली. आणि ती लांच नव्हती, ‘लोकाचार’ होता, असें पुस्तीदाखल जोडलें. तोंडाचा परवाना हा ज्यांच्या तोंडाला मान आहे त्यांच्यापुरताच असतो.

शिवाय तो किती काळ टिकेल याचीही शाश्वति नसते. १९४७-४८ सालीं रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला, आणि त्याच वाटेनें बोचकीं डोक्यावर घेतलेलीं कुटुंबें मोंगलाईंतून वऱ्हाडांत येऊं लागलीं. जालन्याच्या अडत्यांचीं बायकामुलें आमच्या माडीवर तीन महिने राहिलीं. त्या वर्षीं दहा वर्षांच्या ओळखीचा नाकेदारही ओळख दाखवीना. पुढें १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पांच दिवसांत हैदराबादचा प्रश्न मिटला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यांत आले, आणि चिखली व जालना यांमधील राज्याची रेघ नकाशावरूनही पुसली गेली. आज आम्ही देऊळगांव राजावरून मोटारीनें दोनएक तासांत जालन्यास पोंचतों. नाका नेमका कोठें होता, हें आतां वाटेवरील कोणालाही दाखवितां येत नाहीं.

चिखलीच्या वाटेवरचा नाका असा गेला, तरी आमच्या वांट्याचे नाके गेले नाहींत. ते फक्त लांब गेले.

‘व्हिसा’ हा शब्द लॅटिनमधला; त्याचा मूळ अर्थ नुसता ‘पाहिलेला’ एवढाच. अधिकाऱ्यानें कागद पाहिला, आणि पाहिल्याची खूण केली. कल्पना मुळींच नवी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मुद्राध्यक्ष नांवाचा अधिकारी आहे. एक माषक घेऊन तो प्रवासाची मुद्रा देतो, आणि मुद्रेवांचून देशांत शिरणाऱ्या किंवा देशाबाहेर जाणाऱ्या स्वदेशीयाला बारा पणांचा दंड सांगितलेला आहे. तथापि सामान्य माणसाला पावलोपावलीं कागद दाखविण्याची जी आजची रीत, ती मुख्यत्वें पहिल्या महायुद्धाची देणगी. त्यापूर्वीं युरोपांतील पुष्कळशा देशांत प्रवासी पारपत्रावांचून हिंडत असे. युद्धांत नाके बसले, आणि युद्ध संपल्यावर ते उठण्याऐवजीं १९२० सालीं पॅरिसला राष्ट्रसंघाची परिषद भरून पारपत्राच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. त्याच वर्षीं हिंदुस्थानांतही पारपत्राचा कायदा झाला. फाळणीनंतर हिंदुस्थान-पाकिस्तान यांमध्यें आधीं परवाने आले आणि १९५२ सालीं पारपत्र व व्हिसा आले. म्हणजे चिखली-जालना रेघ पुसली जात असतांनाच दुसऱ्या रेघा गडद होत होत्या. १९६७ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें परदेशीं जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचा निर्णय दिला, आणि त्याच वर्षीं पारपत्राचा नवा कायदा झाला. परंतु घराबाहेर पडण्याचा हक्क आपलें न्यायालय देऊं शकतें. दुसऱ्याच्या घरांत शिरण्याचा हक्क त्याच्या हातीं नाहीं. व्हिशाचें सारें दुःख या एका वाक्यांत आहे.

आमची ढाक्याची पहिली खेप २०११ सालची. आपल्या रुईला बांगलादेशाच्या सूतगिरण्यांत मोठें गिऱ्हाईक आहे, आणि ढाक्याजवळचें नारायणगंज हें सुताच्या व्यापाराचें जुनें ठिकाण. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानें रुईच्या ओलाव्याविषयीं तक्रार केली. तक्रार तारेनें किंवा टेलिफोनानें मिटण्यासारखी नव्हती, समोरासमोर बसून गाठ फोडून दाखविणेंच प्राप्त होतें. तेव्हां गिऱ्हाइकाचें आमंत्रणपत्र, व्यापारी मंडळाचें शिफारसपत्र, बँकेचा उतारा, प्राप्तिकराचे कागद, दोन छायाचित्रें असा सरंजाम घेऊन आम्ही रात्रीच्या बसनें मुंबईस गेलों. व्हिसा मिळाला, तंटा मिटला, आणि मग वर्षांतून तीनचार खेपा नेमानें होऊं लागल्या.

येथें वारंवार जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या कांहीं खास अडचणी सांगितल्या पाहिजेत. कारण वर्षांतून एकदां सहलीस जाणाऱ्याला त्यांची कल्पना येत नाहीं. पहिली अडचण अशी, कीं व्यापाराचें निमंत्रण तिथि पाहून येत नाहीं. भाव आज फिरतो. कागदाला मात्र दोनतीन आठवडे लागतात. दुसरी अडचण, पारपत्र एकच असतें. तें एका देशाच्या कचेरींत मुक्कामाला असलें, कीं तेवढे दिवस दुसऱ्या देशाचें दार आपोआप बंद. ढाक्यास माल अडकला असतां आमचें पारपत्र दुसऱ्याच कचेरीच्या कपाटांत पडून आहे, आणि आम्ही चिखलींत टेलिफोनापाशीं हात चोळीत बसलों आहोंत, असा प्रसंग आम्हांवर दोनदां आला. तिसरी अडचण ऐकून लोक हंसतात: पारपत्राचीं पानें संपतात! नेहमींच्या पुस्तिकेला छत्तीस पानें. शिक्के आणि चिकटपत्रें यांनीं तीं भरलीं, म्हणजे मुदत शिल्लक असतांही पुस्तिका बदलावी लागते. शेवटीं आम्हीं नागपूरच्या कचेरींतून साठ पानांची पुस्तिका करून घेतली; तेव्हां आमच्या मुनिमांनीं ती हातांत घेऊन, “ही तर आपल्या रोजमेळाएवढी झाली,” असा शेरा मारला.

नेपाळ आणि भूतान यांस जातांना आपल्याला व्हिसा लागत नाहीं, हें खरें. पण त्या बाजूला आमचा व्यापार नाहीं. प्रशांत महासागराच्या कांठच्या २१ अर्थव्यवस्थांनीं तर १९९७ पासून फिरत्या व्यापाऱ्यांसाठीं एक खास पत्रिका काढली आहे; ती असली म्हणजे सहभागी देशांपैकीं बहुतेकांत निराळ्या व्हिशावांचून जातां येतें. आपला देश त्या मंडळांत नाहीं, तेव्हां ती पत्रिका आम्हीं फक्त विमानतळावर दुसऱ्याच्या हातांत पाहिली आहे.

हीं सारीं दुखणीं खरीं, पण हीं सोसण्यासारखीं दुखणीं. मनाला लागलेली गोष्ट पुढेंच आहे, आणि ती आमची नसून आमच्या पुतण्याची आहे.

२०२२ सालीं त्यानें युरोपांतील एका देशास जाण्यासाठीं अर्ज केला. तेथें रुई साफ करण्याच्या यंत्रांचा एक कारखाना होता. जुनी यंत्रें काढून नवीं बसवावीं, आणि घेण्यापूर्वीं तीं चालतांना डोळ्यांनीं पाहावीं, हा हेतु. काम सहा दिवसांचें. पुतण्या एकोणतीस वर्षांचा, यंत्रशास्त्र शिकलेला, अविवाहित. कागदांत कसूर नव्हती. तीस हजार युरोंचा प्रवासाचा विमा झाला, जाण्यायेण्याचें तिकीट झालें, छायाचित्र ठरलेल्या मापाचें निघेपर्यंत आमच्या येथील छायाचित्रकाराचे चार प्रयत्न झाले. शेताचा सातबाराही जोडावयाचा, म्हणून त्याचें इंग्रजी भाषांतर करवून घेतलें. त्यांतील ‘पोटखराबा’ या शब्दापाशीं भाषांतरकार असा कांहीं अडला, कीं आमच्या जमिनीला पोटाचा विकार जडतो कीं काय अशी आम्हांस भीति वाटली. हाताच्या दाही बोटांचे ठसे घेतले गेले. एरव्हीं आमच्या धंद्यांत बोटें हीं रुईचा धागा ओढून त्याची लांबी पाहण्यासाठीं असतात. येथें बोटांचीच परीक्षा होती.

तीन आठवड्यांनीं पारपत्र परत आलें, आणि त्याबरोबर एक छापील कागद. त्यावर नकाराचीं संभाव्य कारणें ओळीनें दिलेलीं, आणि एका ओळीपुढें खूण. ओळीचा आशय असा, कीं मुदत संपण्यापूर्वीं अर्जदार परत जाईल याविषयीं वाजवी शंका आहे. ऐंशी युरो शुल्क गेलें. त्याचें फारसें कांहीं नाहीं. अपील करतां येतें असेंही खालीं लिहिलें होतें. पण तो कागद घेऊन पुतण्या ओसरीवर बसला, आणि बराच वेळ कांहीं बोललाच नाहीं. शेवटीं म्हणाला, “काका, कागद कमी पडले असते तर वाईट वाटलं नसतं. त्यांनी माझा शब्दच खोटा ठरवला.”

आमच्या मातोश्री नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांनीं प्रकार समजून घेतला आणि म्हणाल्या, “मुंबईले चार दिवस गेला त पाचव्या दिवशी भाकरीसाठी घरी येते हा, अन् तिकडं राहीन व्हय?” याहून निर्णायक पुरावा आमच्या मतें त्या प्रकरणांत नव्हता. परंतु आजीची साक्ष जोडावी अशी जागा कोणत्याही अर्जांत ठेवलेली नसते.

त्या रात्रीं आम्हीं त्या अधिकाऱ्याविषयीं जे विचार मनांत आणले, ते येथें लिहिण्याजोगे नाहींत. एका न पाहिलेल्या माणसाविषयीं, त्याच्या घरादाराची, आईबापांची, शेतीभातीची कांहीं कल्पना नसतां, ‘हा परत जाणार नाहीं’ असें ठरविण्याचा अधिकार कोणी कोणास दिला? आमचे आजोबा नाक्यावरून हात करीत पुढें जात आणि त्यांच्या पणतवाला नाक्यापर्यंतही पोंचूं देऊं नये, याला प्रगति म्हणावयाचें काय? असा संताप चारपांच दिवस टिकला. आणि कदाचित् आजही टिकला असता, जर त्याच आठवड्यांत दुसरी एक गोष्ट घडली नसती.

कार्तिकाचे दिवस होते. जिनिंग नुकतेंच सुरू झालें होतें, आणि दरवर्षींप्रमाणें मेळघाटाकडून मजुरांची टोळी आली होती. त्यांतील एक तरुण मजूर सकाळीं पेढीवर आला आणि म्हणाला, “मालक, गांवाकडे पोरगं आजारी आहे. आठ दिवसांनी येतो. माझा हिशेब द्या.” आमच्याकडे अशी रीत होती, कीं हंगामांत मजुरीचा निम्मा भाग हातीं द्यावयाचा आणि निम्मा हंगाम संपेपर्यंत पेढीकडे ठेवावयाचा. हेतु उघड होता: माणूस मध्येंच गेला तर परत यावा. मुनिमांनीं त्याला विचारलें, “जामीन कोण?” टोळीचा मुकादम जामीन राहीना. तेव्हां मुनिमांनीं आमच्याकडे पाहिलें, आणि आम्हीं संवयीनें मान हलविली. नाहीं.

मजूर कांहीं बोलला नाहीं. तो बाहेर जाऊन सरकीच्या ढिगापाशीं उकिडवा बसला. त्याचें तें बसणें आणि आमच्या पुतण्याचें ओसरीवरचें बसणें हीं दोन चित्रें एकावर एक येऊन पडलीं, तेव्हां आमच्या अंगावर कांटा आला. त्या छापील कागदावरील तीच ओळ; फक्त खूण करणारा हात आमचा होता. याच्या झोंपडीची, याच्या पोराची, याच्या चार काकऱ्या जमिनीची आम्हांस तरी काय कल्पना होती? त्या परदेशी अधिकाऱ्यानें निदान आमच्या सातबाऱ्याचें भाषांतर वाचलें असेल. आम्हीं तर याचें नांवही मुनिमांच्या वहींतून वाचलें.

आम्हीं त्याला बोलाविलें आणि हिशेब पुरा करून दिला. तो बाराव्या दिवशीं परत आला. पोरगें सुधारलें होतें. त्यानें उशीर झाल्याबद्दल क्षमा मागितली, आणि कामाला लागला.

येथेंच लेख संपविला असता, तर वाचकांस तो गोड लागला असता. पण तें प्रामाणिकपणाचें झालें नसतें. त्या हंगामापासून आम्हीं निम्मी मजुरी ठेवून घेण्याची रीत बंद केली, आणि गरजूला उचलही देऊं लागलों. पुढच्या दोन हंगामांत मिळून तिघेजण उचल घेऊन गेले ते परत आले नाहींत. त्यांतील एकाची अडचण खरी असल्याचें मागाहून कळलें. दोघांविषयीं कांहींच कळलें नाहीं. मुनिमांनीं ती रक्कम वहींत मांडली, आणि समोर रिवाजाप्रमाणें लिहिलें: ‘बुडीत’.

तो शब्द पाहून आम्हांस या सगळ्या प्रकरणाची किल्ली सांपडल्यासारखें वाटलें. झालेल्या गोष्टीचा पुरावा देतां येतो; होणाऱ्या गोष्टीचा पुरावा कोठून आणावा? सातबारा, प्राप्तिकर, बँकेचा उतारा हे सारे मागचे कागद. परत येणें ही पुढची गोष्ट. या दोहोंमधील जी दरी, ती भरून काढणाऱ्या वस्तूला व्यापारांत ‘पत’ म्हणतात. पत मोठी झाल्यावर तिला कोणीही मान देतो. अवघड असते ती पहिली पत. नव्या गिऱ्हाइकाला पहिली उधारी देतांना दुकानदाराजवळ कसलाच पुरावा नसतो. तरी तो देतो. कारण न दिली तर धंदा वाढत नाहीं, आणि दहांत एक बुडेल हें त्यानें आधींच मनाशीं धरलेलें असतें. बुडीत खातें हें व्यापाऱ्याच्या मूर्खपणाचें चिन्ह नाहीं. तें त्याच्या विश्वासाची किंमत आहे, आणि ती तो स्वतःच्या खिशांतून देतो.

व्हिशाच्या कचेरीच्या वहींत हें खातेंच नसतें. शंभर माणसें वेळेवर परत गेलीं, तर त्याबद्दल अधिकाऱ्याला कोणी शाबासकी देत नाहीं. एक राहून गेला, तर जाब मात्र त्याला द्यावा लागतो. उलट, नकार दिलेला माणूस खरोखर परत गेला असता, हें सिद्ध करण्याचा मार्गच नाहीं. चुकीच्या होकाराचा हिशेब निघतो. चुकीच्या नकाराचा निघत नाहीं. अशा ठिकाणीं आम्ही बसलों असतों तर वेगळें वागलों असतों काय? मुनिमांनीं आमच्याकडे पाहिलें, आणि आम्हीं मान हलविली, ही आठवण ताजी आहे. तेव्हां या प्रश्नाचें उत्तर आम्ही मोठ्यानें देत नाहीं.

मात्र एक गोष्ट त्या कचेऱ्यांच्या बाजूनेंही सांगितली पाहिजे. पुतण्यानें २०२३ सालीं पुन्हां अर्ज केला, आणि या वेळीं त्याला एकाच प्रवेशाचा, मोजक्या दिवसांचा व्हिसा मिळाला. तो गेला, यंत्रें पाहिलीं, मुदतीच्या दोन दिवस आधीं परत आला. २०२४ सालीं तसाच दुसरा मिळाला. तोही त्यानें तसाच पाळला. त्याच वर्षींच्या एप्रिलांत युरोपीय संघानें हिंदी प्रवाशांसाठीं नवा नियम केला होता: मागील तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते कायद्यानें वापरले असतील, तर पुढें दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा देण्यांत यावा; आणि तोही नीट वापरला, तर पारपत्राची मुदत पुरेशी असल्यास पांच वर्षांचा. २०२५ सालीं पुतण्याला तो दोन वर्षांचा व्हिसा मिळाला. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहावयाचें नाहीं, एवढी अट. बाकी जावें-यावें मोकळेपणानें. नियम वाचतांना आम्हांस आजोबांचा नाकेदार आठवला. पहिल्या खेपेला तो मोटा उसकटतो, दुसऱ्या खेपेला पाहतो, आणि मग दुरूनच हात करतो. एवढेंच, कीं या नाकेदाराला कोणाच्या घरचें कुंची-टोपडें लागत नाहीं, आणि तोंड कोणाचें आहे हें न पाहतां तो खेपा मोजतो. आजोबांच्या वेळच्या गाडीवानालाही, त्याच्याजवळ कागद असते तर, या नियमानें तोच हक्क मिळाला असता. ही सुधारणा लहान नव्हे.

ज्या करारानें युरोपांतील नाके उठले, तो करार १४ जून १९८५ रोजीं लक्झेंबर्ग देशांतील शेंगेन या गांवीं, मोसेल नदींतील एका नावेवर झाला. तीन देशांच्या सीमा जेथें मिळतात, तेथलें हें द्राक्षवेलींचें गांव. आमच्या चिखलीच्या मानानें वाडीच. आज २९ देश त्या व्यवस्थेंत आहेत. एके काळीं एकमेकांवर तोफा रोखून बसलेल्या देशांनीं आपसांतले नाके उठविले, आणि सर्वांचा मिळून एकच नाका बाहेरच्या कुंपणावर नेऊन बसविला. आम्ही त्यांस हंसत नाहीं. चिखली आणि जालना यांनीं तरी दुसरें काय केलें?

ढाक्याच्या आमच्या खेपा आतां थांबल्या आहेत. २०२४ च्या ऑगस्टांत तेथील राज्य उलथलें, आणि पुढें जाणेंयेणें अवघड झालें. आमचेंही वय झालें. नारायणगंजच्या गिऱ्हाइकाचा सणासुदीला टेलिफोन येतो. तो दर वेळीं विचारतो, “केव्हां येतां?” आणि आम्ही दर वेळीं “येऊं” असें सांगतों. चौदा वर्षांच्या व्यवहारांत त्याचा एक रुपया आमच्याकडे राहिला नाहीं, आमचा त्याच्याकडे राहिला नाहीं. पण ही पत कोणत्या खिडकींत नेऊन दाखवावी?

गेल्या चैत्रांत पुतण्या युरोपांतून परतला, तो नेमका रेणुकादेवीच्या यात्रेच्या दिवशीं. छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावरून थेट घरीं आला, आणि चपला काढण्यापूर्वींच आजीच्या खोलीकडे वळला. मातोश्रींनीं त्याच्याकडे पाहिलें, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या, “भाकर टाका. आला तो.”

पारपत्रावर त्या दिवशींचा शिक्का आहे. त्यावर फक्त तारीख आहे.